गाडीला पाना कोणी लावावा?

देहूरोडच्या एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला निगडी-आकुर्डी-पिंपरी आणि तळवड्यावरून पुढे गेले की चाकण. मध्यमवर्गीय कुटुंबाने हौसेने घेतलेल्या तीन छोट्या गाड्या याच टापूत तयार झाल्या. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमधून आली, फोक्सवॅगनची पोलो २००९ च्या डिसेंबरपासून चाकणमध्ये बनू लागली आणि २०१० मध्ये तळेगावातून शेवरले बीट आली. आज या तिन्ही नव्या मिळत नाहीत. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही थांबवले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. इंडिका २०१८ मध्ये बंद झाली, पोलो २०२२ मध्ये. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची तर तपासणी आली, आणि खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. म्हणजे जुनी गाडी सांभाळणाऱ्याला तिची तब्येत कळणे आता गरजेचे झाले आहे.

अशा गाडीचे काम घरी करावे की करू नये, यावरची दोन मते मांडण्यासाठी मी दोन माणसे कल्पिली आहेत. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत आयुष्यभर गॅरेज चालवलेला मामा, आणि चाकणच्या मोटार कारखान्यात गुणवत्ता तपासणी करणारी त्याची भाची. जुना मिस्त्री ‘काही अवघड नसतं, उघडा गाडी’ म्हणेल आणि कारखान्यातली मुलगी ‘हात लावू नका’ म्हणेल, असे कोणालाही वाटेल. पण ज्याने हाताने काम केले त्याला हात चुकतो कसा हे माहीत असते, आणि जिने मोजमापाने काम केले तिला मोजमाप शिकता येते हे माहीत असते. त्यामुळे इथे विरोध मामाचा आहे.

मामा: “गाडी उघडणं अवघड नसतंच गं. अवघड असतं ते बंद करणं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग जरा तिरका लागला की आटे गेले, मग दोनशे रुपयांच्या प्लगपायी हेड उतरवायची पाळी येते. ऑइलचा ड्रेन बोल्ट जास्त आवळला तर चेंबरचे आटे जातात, कमी आवळला तर रस्त्यात ऑइल सांडून इंजिन जाम होतं. किती आवळायचं ते मिस्त्रीच्या मनगटाला कळतं, कारण त्यानं पोरवयात बोल्ट तोडलेले असतात आणि उस्तादाची बोलणी खाल्लेली असतात. मोबाइलवर बघणाऱ्याला बोल्ट फिरताना दिसतो, त्या बोल्टनं हाताला दिलेला जोर दिसत नाही. लोक बिघाड झाल्यावर येत नाहीत, बिघाडावर स्वतःचे प्रयोग करून झाले की येतात. मग आम्ही मूळ दुखणं शोधायचं, की वरचं निस्तरायचं?”

भाची: “मामा, तुझं मनगट खरंच आहे. पण आमच्या लाइनवर मनगटाच्या भरवशावर कोणी काम करत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टला टॉर्कचा आकडा ठरलेला असतो, तेवढा जोर लागला की हत्यारच सांगतं, आणि आवळून झालेल्या बोल्टवर रंगाची खूण करतात म्हणजे पुढच्याला कळावं. नवीन लागलेला मुलगासुद्धा बोल्ट बरोबर आवळतो, कारण आकडाही त्याच्याजवळ असतो आणि हत्यारही. तसा टॉर्क रेंच दुकानात मिळतो. प्लग तिरका लागतो म्हणतोस, तर तो आधी पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरवायचा. सहज आत गेला तर आटा धरला, अडला तर बाहेर काढून पुन्हा. इंजिन गार असताना करायचं, आणि शेवटचा जोर रेंचनं. ही शिस्त आहे, आणि शिस्त शिकता येते.”

या दोन बोलण्यांत मला निर्णायक वाटते ती भाचीची बाजू, मात्र ती म्हणते तेवढ्याच कारणासाठी नाही. तिच्या म्हणण्याचा गाभा असा, की काम करण्याचे कसब आणि काम बरोबर झाले की नाही हे तपासण्याचे साधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कसब यायला वर्षे लागतात. तपासणीचे साधन मात्र अनेक कामांत स्वस्त झाले आहे आणि सामान्य माणसाच्या हाती आले आहे. तेव्हा ‘हे काम मला जमेल का’ या प्रश्नाने सुरुवात करण्यात अर्थ नाही, कारण हौशी माणसाला सगळेच जमेलसे वाटते आणि भित्र्याला काहीच नाही. सुरुवात करावी ती ‘झालेले काम मला मोजून तपासता येईल का’ या प्रश्नाने. या पट्ट्यातल्या घरांत तर हा प्रश्न परका नाही. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज हाताळणारी माणसे इथे राहतात. तीच माणसे घरी आल्यावर चाकाचा नट पक्कडीने पिरगाळतात किंवा साधा फ्यूज बदलायलाही गॅरेज शोधतात, याचे मला फार वाईट वाटते.

बॅटरीचे उदाहरण घेऊ. सकाळी गाडी सुरू होत नाही, सेल्फ मारला की नुसती टकटक होते, आणि बहुतेक घरांत थेट नवी बॅटरी येते. साध्या मल्टिमीटरने हे दहा मिनिटांत तपासता येते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण. इंजिन चालू केल्यावर बहुतेक जुन्या गाड्यांत आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. तो वर चढलाच नाही तर दोष अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा जोडणीचा असतो, आणि नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसते. आकडे ठीक आहेत, पण टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे, तर गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्यावर काम होते. आधी ऋण टोक काढायचे आणि बसवताना ते शेवटी बसवायचे, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. इथे चूक झाली तर ती लगेच आकड्यात दिसते आणि सुधारता येते. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, फ्यूज, बल्ब, टायरमधली हवा, कूलंटची पातळी ही कामे याच जातीची. चाकण-तळवडे रस्त्याची धूळ खाणारा फिल्टर तर पुस्तिकेतल्या किलोमीटरांची वाट न बघता उघडून पाहावा.

मामाचा पुढचा आक्षेप अधिक टोकदार आहे. “बॅटरी ठीक,” तो म्हणतो, “पण आता प्रत्येक पोरगं खिशात ते कोड वाचायचं यंत्र घेऊन फिरतंय. यंत्रानं कोड दाखवला की तो पार्ट बदलायचा, एवढंच त्यांना कळतं. कोड म्हणजे निदान नव्हे.” हे शंभर टक्के खरे आहे. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या मोटारींना स्टिअरिंगखाली दुसऱ्या पिढीची ओबीडी जोडणी आली, आणि तिला लागणारा कोड-वाचक आता स्वस्त मिळतो. समजा त्याने ‘पी ०३०१’ दाखवले. याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये नीट ज्वलन होत नाही, इतकाच. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल किंवा कॉम्प्रेशन गेले असेल. पण यावर भाचीचे उत्तर तिच्या पेशाला शोभणारे आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल इंजिनात पहिली कॉइल दुसऱ्या जागी आणि दुसरी पहिल्या जागी लावायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. आता ‘पी ०३०२’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. ‘पी ०३०१’ कायम राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची तीच अदलाबदल. एकही नवा भाग विकत न घेता दोष पकडण्याची ही रीत आहे. घाईत पार्ट बदलत जाणारा मेकॅनिक ती करत नाही, कारण त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो. गाडीमालकाकडे वेळ असतो. घरच्या दुरुस्तीत पैसे वाचतात ते मजुरीचे थोडे आणि विनाकारण बदललेल्या भागांचे जास्त.

वॉरंटीचा मुद्दा या वादात नेहमी येतो आणि भीती घालण्यासाठी वापरला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, त्यात सर्वाधिक, १,३४६ कोटींचा, टाटा मोटर्सला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा ठपका होता, आणि स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. तरी तत्त्व स्पष्ट झाले, आणि २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल सुरू केले त्यात मोटारींचाही समावेश आहे. याचा अर्थ वॉरंटीतल्या गाडीवर काहीही करावे असा नाही. आपल्या कामामुळे जो भाग बिघडला त्याची भरपाई कंपनीने का द्यावी? नवी गाडी असेल तर फिल्टर, वायपर, हवा, बल्ब इथेच थांबावे आणि बिले जपून ठेवावीत. वाद आहे तो वॉरंटी कधीच संपलेल्या गाडीचा, आणि तिथे हा आक्षेप लागूच होत नाही.

मामाचे एक म्हणणे मात्र मी जसेच्या तसे मान्य करतो.

मामा: “ब्रेकचं काय करशील? पॅड बदलणं सोपं दिसतं. पण लाइनमध्ये हवा राहिली, पिस्टनचं रबर फाटलं, ड्रमचा ॲडजस्टर उलटा बसला, तर गल्लीत गाडी छान थांबते. तुझं मीटर काय सांगणार? खंडाळ्याचा घाट उतरताना पेडल खाली जातं तेव्हाच कळतं. तोवर मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात.”

भाचीकडे यावर उत्तर नाही, आणि नसावेच. इथे तपासणीचे साधन घरी नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. खंडाळ्याच्या घाटात सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीत ते उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ जाते. सपाट रस्त्यावरच्या चाचणीत हे दिसणार नाही. म्हणून ‘मोजून तपासता येईल का’ या पहिल्या प्रश्नाला दुसरा जोडावा लागतो: काम चुकले तर गाडी नुसती चालू होणार नाही, की चालती गाडी थांबणार नाही? चालू होणार नाही, एवढीच शक्यता असेल तर धोका वेळेचा आणि पैशांचा. थांबणार नाही, वळणार नाही किंवा अंगावर येईल अशी शक्यता असेल तर ते काम शिकलेल्या हाताचे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचे सांधे, पिवळ्या कनेक्टरची एअरबॅगची वायरिंग या दुसऱ्या गटात जातात. नव्या डिझेल गाड्यांची कॉमन रेलही, कारण त्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो आणि त्यातून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जुन्या इंडिकात डिझेल फिल्टर बदलून हवा काढणारे हात बीटच्या डिझेल इंजिनाला तसेच लावू नयेत. आणि कुठल्याही गाडीखाली नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून शिरू नये. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, खाली जायचे तर घोडी (जॅक स्टँड) लावलीच पाहिजे. ब्रेकबाबत मालकाने पाहणी जरूर करावी. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड किती उरला ते बघता येते, ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग बघता येतो. बघणे आपले, उघडणे मिस्त्रीचे.

आता सुधारणांकडे, म्हणजे लोक ज्याला ‘गाडीला काहीतरी भारी लावू’ म्हणतात त्याकडे. इथे मामा आणि भाची दोघेही साशंक आहेत, आणि मी त्यांच्याहून अधिक. दुरुस्ती गाडीला तिच्या मूळ स्थितीत आणते, आणि मूळ स्थिती कोणीतरी हिशेबाने ठरवलेली असते. सुधारणा तो हिशेब मोडते. रात्री दिसत नाही म्हणून ५५ वॅटच्या जागी ९० वॅटचा बल्ब बसवला, की बारा व्होल्टला साडेचार अँपिअरऐवजी साडेसात वाहू लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती अडीच पटींच्या पुढे जाते. होल्डर वितळतो, स्विच जळतो, आणि पुढे काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी खुपसला तर प्रकाशाचा उगम जागेवरून हलतो आणि झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. देहूरोड ते निगडी रात्री दुचाकीवरून शिफ्टला जाणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती त्याने ठरवलेली नसते, म्हणून असा बदल करणे हा आपला हक्कही नाही.

भाचीने इथे एक मोलाची गोष्ट दाखवली आहे. “दिसत नाही म्हणतात तेव्हा मी आधी होल्डरपाशी व्होल्ट मोजायला सांगते,” ती म्हणते. “जुन्या जोडणीत गंज असतो. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. वरची काच उन्हानं पिवळी पडलेली असते ती वेगळीच.” म्हणजे गंजलेली जोडणी साफ करणे, अर्थिंग घट्ट करणे, काच बारीक पाण्याच्या पेपरने घासून पॉलिश करणे आणि तिच्यावर ऊन अडवणारा थर देणे एवढ्याने त्याच ५५ वॅटच्या बल्बचा हरवलेला उजेड बराचसा परत मिळतो. माझ्या मते छोट्या गाडीत सुधारणेची बहुतेक हौस न झालेल्या दुरुस्तीतून येते. गाडी ओढत नाही म्हणून लोक महागडा फिल्टर शोधतात, आणि टायरमध्ये हवा कमी असते. आवाज येतो म्हणून दारांना पॅडिंग चिकटवतात, आणि रबरी बीडिंग फाटलेले असते. आधी दुरुस्ती पुरी करा. त्यानंतरही उणीव उरली तर सुधारणेचा विचार करा, आणि शक्य तिथे आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमधला भाग कंपनीच्या कपलरने जोडा. तारा सोलून चिकटपट्टी गुंडाळण्याचा प्रकार नकोच.

कायद्याचीही हीच दिशा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. काचांवरच्या काळ्या फिल्मवर तर न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. सीएनजी किट हे मान्यताप्राप्त केंद्राचे काम, आणि त्याची नोंद आरसी बुकात व्हावी लागते. काही हौशी मंडळींना हा जाच वाटतो. पण रस्ता सामाईक आहे, आणि तिथे आपल्या हौसेचा भार दुसऱ्याने का उचलावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

राहिला मामाच्या पोटाचा प्रश्न. “फिल्टर, बल्ब, बॅटरी, ही रोजची रोकड असते,” तो म्हणतो. “ती गेली तर इंजिन उतरवायचं काम महिन्यातून एकदा येईपर्यंत गॅरेजचं भाडं कशातून भरू?” भाची म्हणते की जाणकार गिऱ्हाईक नेमके दुखणे घेऊन येते आणि भरवशाच्या मिस्त्रीला सोडत नाही. हे खरे आहे, पण पुरे नाही. गॅरेजमधला हेल्पर पोरगा फिल्टर-बल्बच्या कामांवरच शिकतो. ती कामे घरोघरी गेली तर पुढचा मिस्त्री कुठे घडणार? या आक्षेपाचे पूर्ण खंडन मला करता येत नाही. एवढेच सुचवता येते की काही कामे घरी जमत असूनही गॅरेजला द्यावीत, आणि इंजिन ऑइल बदलणे हे त्यातले पहिले. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गटारात ओतलेले तीन लिटर काळे ऑइल शेवटी पवनेत नाहीतर इंद्रायणीत जाते, आणि त्या नद्यांनी पुरेसे सोसले आहे. गॅरेजमध्ये ते पिंपात साठते आणि पुनर्प्रक्रियेला जाऊ शकते. ते तसे जाते का, हे मात्र मिस्त्रीला विचारून घ्यावे. जुनी बॅटरीही अशीच, नवी घेताना दुकानदाराकडे परत द्यायची.

एवढे मालकांच्या हातात आहे. पण एक गोष्ट त्यांच्या हातात नाही, आणि ती या पट्ट्यातल्या कंपन्यांकडे मागायला हवी. टॉर्कचे आकडे, वायरिंगचे नकाशे, दोष शोधण्याच्या पायऱ्या हे सगळे त्यांच्याकडे लिहिलेले तयार आहे. पिंपरी, चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत गाड्या जोडणारे हात मोठ्या संख्येने मराठी आहेत. विक्री थांबलेल्या गाड्यांपासून सुरुवात करून ही दुरुस्ती-पुस्तिका त्यांनी मराठीत छापावी आणि मालकाला व मिस्त्रीला सारख्याच किमतीत विकत द्यावी.